शेवटच्या गाडीचं कारण

"हा रणगाडा उन्हात कुणी उभा केला?"

सुभेदार जालिंदर शेळक्यांचा हा सवाल ऐकला, की 'नभांगण' कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरची सगळी पोरं आपापल्या पडद्यात तोंड खुपसून बसत. मग सुभेदार चष्मा कपाळावर ढकलून एकेकाच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहत आणि गुन्हेगार हुडकून काढत.

पुण्यातली ही कंपनी लढाऊ विमानांचे सिम्युलेटर बनवायची. वैमानिकानं एका बंद पेटीत बसायचं, पडद्यावरच्या आभाळात उडायचं आणि पडद्यावरच्या जमिनीवर शत्रूच्या गाड्या शोधून त्यांच्यावर बॉम्ब टाकायचे. असा एक खेळ म्हणजे एक मिशन. आभाळ बनवणारे लोक कंपनीत ढिगानं होते. जमिनीवर गाड्या कुठं आणि कशा लावायच्या, हे मात्र कुणाला धड ठाऊक नव्हतं. चांगली शिकली-सवरलेली पोरं, पण दसऱ्याला शोरूमबाहेर पूजेसाठी गाड्या मांडाव्यात तसे अकरा ट्रक भर माळावर ओळीनं मांडायची.

"असला शत्रू मिळाला असता तर मी अठ्ठावीस वर्षं नोकरी कशाला केली असती?" सुभेदार म्हणत. "आठवड्यात लढाई जिंकून घरी गेलो असतो की!"

त्यांचं शास्त्र साधं होतं. गाडी आपणहून कुठं उभी राहत नाही, माणूस तिला उभी करतो. त्या माणसाला तहान लागते, ऊन लागतं, साहेबाचा कंटाळा येतो. तेव्हा आधी माणूस ठरवायचा आणि मग गाडी. लंगरची, म्हणजे स्वयंपाकाची गाडी पाण्याजवळ हवी, पण चाकं रुततील इतकी जवळ नको. तिचा धूर ज्या बाजूला जातो त्या बाजूला दारूगोळ्याचा ट्रक नको. बाभळीखाली टायर कुणी ठेवत नाही. काट्यानं पंक्चर काढायची हौस कुणाला असते? सावली सकाळी दहाची बघायची नाही, दुपारी दोनची बघायची, कारण ड्रायव्हर दोन वाजता झोपतो. सुभेदार प्रत्येक गाडीचं कारण विचारत आणि कारण नसलेली गाडी नकाशावरून काढून टाकायला लावत.

स्वतःच्या मिशनमध्ये तर ते प्रत्येक गाडीपुढं ड्रायव्हरचं नावही लिहीत. बलबीर, मुरुगन, ओराम, थापा. ही सगळी त्यांच्या जुन्या युनिटमधली माणसं होती. कुणी आता पंजाबात शेती करत होतं, कुणी वारलं होतं. मुरुगनला गाडी तिरकी लावायची सवय, म्हणून त्याचा ट्रक तिरका. ओरामला मुंग्यांची भीती, म्हणून त्याची गाडी वारुळापासून लांब. सुभेदार सकाळभर या माणसांना सावलीत बसवत आणि दुपारी वैमानिक येऊन त्यांना उडवून टाकत. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा ड्यूटीवर हजर. बोलायला दुसरं कोण होतं? दिघीच्या एका खोलीत सुभेदार एकटेच राहत. बायको विमल फलटणजवळच्या गावी रोपवाटिका चालवत होती आणि मुलगा बडोद्याला नोकरीत होता.

भांडण म्हणाल तर झालं नव्हतं. सात वर्षांपूर्वी निवृत्त होऊन सुभेदार गावी गेले तेव्हा घर त्यांच्यावाचून व्यवस्थित चाललेलं होतं. विमल पहाटे उठायची, बायका कामाला यायच्या, पिशव्यांत माती भरली जायची, टेम्पो यायचा. सुभेदारांची कुणाला अडचण नव्हती, पण गरजही नव्हती. ते ओट्यावर बसून राहायचे. तीन वर्षं तसं बसून झाल्यावर पुण्यातली ही नोकरी आली आणि विमल म्हणाली, "जावा की. मन रमंल तुमचं." थांबा असं ती म्हणाली नाही, आणि थांबू का असं त्यांनी विचारलं नाही. त्याला आता चार वर्षं झाली होती. दिवाळीला फोन व्हायचा, तोही मुलानं जोडून दिला तर.

त्यांच्या हरेक मिशनमध्ये एक शेवटची गाडी असायची. बाकी गाड्यांपासून तीनेकशे पावलं लांब, जराशा चढावर, एखाद्या झाडाखाली, एकटी. तिच्यापुढं ड्रायव्हरचं नाव लिहिलेलं नसे. जगाला प्रत्येक गाडीचं कारण विचारणाऱ्या सुभेदारांना या गाडीचं कारण मात्र कुणी विचारलं नव्हतं.

फक्त एकदा विचारलं होतं, डॉ. शर्वाणी लोटलीकरांनी.

डॉ. लोटलीकर कंपनीच्या संशोधन विभागाच्या प्रमुख. चाळिशीच्या, चहा थंड करून पिणाऱ्या, वाक्य अर्धवट सोडून दुसरं सुरू करणाऱ्या. त्यांनी 'कयास' नावाचं यंत्र बनवलं होतं. आकाशातून फोटो काढून लपलेली गाडी शोधणं किती अवघड असतं, हे त्यांनी सुभेदारांना पहिल्याच भेटीत समजावलं होतं. झाडाखालचं दिसत नाही. रडारला पत्रा कळतो, पण पत्र्याचं खोपटंही कळतं. उष्णतेचा ठिपका इंजिनाचा असतो, तसा तापलेल्या खडकाचा आणि बसलेल्या म्हशीचाही असतो.

"म्हणून कयास गाडी शोधतच नाही," त्या म्हणाल्या होत्या. "ते माणसाचा विचार शोधतं. दिसलेल्या चार गाड्यांवरून न दिसलेली पाचवी कुठं असेल ते सांगतं. सावली, उतार, पाणी, माती, रस्त्यावरून दिसतं की नाही, बाकीच्या कुठं आहेत, या सगळ्याला गुण देतं. पण हे शिकायला उदाहरणं लागतात. खऱ्या लढाईत गाडी कुठं लपवली होती, हे कुणी नंतर सांगायला येतं का? तुमच्या मिशनमध्ये मात्र एकूण एक गाडीचा पत्ता असतो. तुमची तेराशे मिशनं म्हणजे कयासची शाळा आहे, सुभेदार!"

सुभेदारांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मग मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं होतं. "ही एक कायम वेगळी असते. लांब, उंचावर, झाडाआड, ड्रायव्हरचं नाव गुप्त. ही नियंत्रणाची गाडी ना? कमांडरची?"

सुभेदारांनी पडद्याकडे पाहिलं. खरं कारण ओठांपर्यंत आलं. पण समोर शिकलेली बाई, दोन्ही बाजूंना कालची पोरं. असलं काही त्यांच्यासमोर बोलायचं? छे!

"हां," ते म्हणाले होते. "तसंच समजा."

मॅडमनी तसंच समजलं. यंत्रानंही तसंच समजलं. यंत्राला डावपेच कळत नाहीत आणि खोडही कळत नाही. जे पुन्हा पुन्हा दिसतं तो त्याचा नियम. सुभेदारांनी 'नियंत्रण वाहन' या नावाखालच्या चौकटीत सही केली आणि आपल्या टेबलाकडे जाऊन मुरुगनचा ट्रक तिरका करत बसले.

यालाही आता वर्ष होऊन गेलं होतं.

२०४१ सालच्या त्या एप्रिलमध्ये सीमेवर अकरा दिवस तणाव होता. पलीकडच्या ड्रोननी आपली एक चौकी जाळली होती. बुधवारी दुपारी सव्वातीनला सुभेदारांना चौथ्या मजल्यावर बोलावणं आलं. दाराशी मोबाईल काढून घेतला गेला. आत लांब टेबलाभोवती डॉ. लोटलीकर आणि त्यांची सहा माणसं बसली होती, मध्ये बैठकीचा चपटा काळा फोन होता आणि भिंतीवरच्या पडद्यावर विंग कमांडर नाडकर्णी होते. अंगावर युनिफॉर्म आणि डोळ्यांखाली अकरा दिवसांचं जागरण.

"बसा, सुभेदार साहेब," नाडकर्णी म्हणाले. "थोडक्यात सांगतो. ड्रोन उडवणारी नियंत्रणाची गाडी आम्हाला हवी आहे. फक्त तीच. परवानगी तेवढीच आहे. दुसऱ्या कशाला धक्का लागला तर ते त्यांच्या हद्दीत जाऊन भलताच माणूस मारल्यासारखं होईल आणि मग हे प्रकरण कुठवर जाईल ते सांगता येत नाही. कयासनं ती गाडी शोधली आहे. चार वाजून दहा मिनिटांनी क्षेपणास्त्र सुटेल. नियमाप्रमाणे, ज्याच्या उदाहरणांवर यंत्र शिकलं त्याचा दुजोरा लागतो. बघा आणि सही करा."

पडद्यावर वाळवंटी मुलूख आला. कोरडी नदी, काठाला खेजडीची झाडं. अकरा गाड्या लाल चौकटीत दिसत होत्या. सुभेदारांनी सवयीनं पाहिलं आणि मनातल्या मनात दाद दिली. लंगर विहिरीपासून बरोबर अंतरावर होता. टँकर नदीच्या पात्रात उतरवलेला. कुणीतरी जाणता माणूस होता तिकडे.

आणि त्यांच्यापासून लांब, चढावर, एका जुन्या झाडाखाली, बारावी चौकट होती. तिच्यात काही दिसत नव्हतं, नुसता उष्णतेचा पुसट ठिपका. शेजारी लिहिलं होतं, 'नियंत्रण वाहन. खात्री चौऱ्याण्णव टक्के.'

"हे कशावरून?" सुभेदारांनी विचारलं.

"तुमच्यावरूनच की!" डॉ. लोटलीकर हसल्या. "कयासचा हा सगळ्यांत भक्कम नियम आहे. तेराशेच्या तेराशे उदाहरणं. एकही अपवाद नाही."

सुभेदारांनी बाराव्या चौकटीकडे पुन्हा पाहिलं. तेराशे. त्यांनी एकदा तरी ती गाडी इतरांत लावली असती, तर यंत्राला शंका तरी आली असती. समोर सहीची चौकट उघडून ठेवली होती. झाडाखाली कोण होतं कुणास ठाऊक. म्हैस असेल, खडक असेल, पण माणूस असेल तर तो पस्तीस मिनिटांनी मरणार होता, आणि ते एका 'तसंच समजा'मुळं.

"साहेब," ते म्हणाले, "सही नाही करत मी."

पडद्यावरचे नाडकर्णी पुढं वाकले. "कारण?"

आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न असा अंगावर आला. सुभेदारांनी चष्मा कपाळावर ढकलला. "ती नियंत्रणाची गाडी नाही. म्हणजे माझ्या मिशनमधली. तिथं कमांडर नसतो."

"मग कोण असतो?"

"मी असतो, साहेब."

टेबलावर कुणीतरी हातातलं पेन खाली ठेवलं. डॉ. लोटलीकरांना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"मी रिकव्हरीला होतो," सुभेदार म्हणाले. "बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायची क्रेनची गाडी. ती काफिल्याच्या शेवटी असते. मुक्काम पडला, की मी माझी गाडी लांब न्यायचो. चढावर. मोबाईलची रेंज तिथं यायची. दोन वाजता घरी फोन करायचो. ती सवय लागली ती लागलीच. मिशनमध्ये सगळी माणसं आपापल्या जागी बसवली, की मी आपला मला तिथं बसवायचो. नाव काय लिहायचं त्यात?"

"पण मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं," डॉ. लोटलीकरांचा आवाज चढला. "तुम्ही हो म्हणालात. सही केलीत!"

"खोटं बोललो, मॅडम. लाज वाटली."

नाडकर्णींनी घड्याळाकडे पाहिलं. ते चिडले नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. "सुभेदार साहेब, वर्षभरापूर्वीची सही तुम्ही पस्तीस मिनिटं आधी मागं घेता आहात. उद्या मला वर विचारतील, की ऐनवेळी म्हाताऱ्याचं मन कच्चं झालं आणि तुम्ही ऐकलंत? परवा पुन्हा एखादी चौकी जळाली तर? मला पुरावा द्या. हे दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?"

सुभेदारांनी विचार केला. युनिटमध्ये कुणाला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही म्हणूनच तर गाडी लांब न्यायची. असं एकच माणूस उरत होतं.

"बायकोला," ते म्हणाले.

"फोन लावा. प्रश्न मी विचारीन. तुम्ही त्यांना काही सुचवायचं नाही."

नंबर मोबाईलमध्ये होता आणि मोबाईल दाराशी होता. पण तो नंबर सुभेदारांना पाठ होता. डॉ. लोटलीकरांनी टेबलावरच्या फोनवर तो दाबला. पाच वेळा वाजला, सहा वेळा वाजला. सुभेदारांना वाटलं, उचलत नाही. दुपारचा फोन ती कधीच उचलत नसे. मग खोलीभर रोपवाटिकेतला आवाज पसरला, पाण्याची मोटर, कुणा बाईचं हसणं.

"कोन?"

"नमस्कार, मॅडम. मी विंग कमांडर नाडकर्णी. सुभेदार शेळके तुमचे..."

"काय झालं त्यास्नी?" विमलचा आवाज एकदम बारीक झाला. "कुठल्या दवाखान्यात हायत?"

"मी बरा आहे, विमल," सुभेदार घाईनं म्हणाले. "हितंच आहे. साहेब विचारतायत तेवढं सांग."

"मॅडम, साधा प्रश्न आहे," नाडकर्णी म्हणाले. "सुभेदार नोकरीत असताना तुम्हाला फोन कुठून करायचे? आठवतं?"

"आता ह्ये काय इचारनं झालं?" ती म्हणाली. मोटर बंद झाल्याचा आवाज आला. "दोन वाजता करायचे. टेकावरच्या झाडाखालनं. गाडी समद्यांपासनं लांब लावायचे."

"रेंजसाठी?"

"रेंज म्हंजी आपलं नाव. लाजायचे ओ. बायकूसंगं बोलताना चार मानसं आयकत्यात म्हनून. मी लई येळा सांगितलं, एक वाजता करा, जेवताना, समद्यांत बसून. मी त्या वक्ताला मोकळी असत्ये. दोनला रोपास्नी पानी द्यायचं असतं, हात चिखलानं भरल्यालं असत्यात, फोन कसा उचलू? पर न्हाई. चारचौघांत बायकूला फोन करनारा गडी म्हंजी काय तरी इपरीतच!"

सुभेदार टेबलाकडे पाहत राहिले. हात चिखलाचे असतात. एवढंच होतं तर. त्यांनी त्या न उचललेल्या फोनांचे काय काय अर्थ लावले होते.

"फोन उचलायची मी हळूहळू बंद झाले," विमल पुढं म्हणाली, "तरी गाडी तिथंच लावायचे म्हनं. बसून ऱ्हायाचे एकलेच. त्यांच्या युनिटातला थापा एकदा घरी आल्ता, त्यो सांगत हुता. म्हनला, भाभी, शेळके हमेशा अकेले बैठते हैं, हम लोग सोचते थे बहुत बडे आदमी हैं."

कुणाला हसू आलं नाही. नाडकर्णींनी खूण केली. डॉ. लोटलीकरांनी एक बटन दाबलं आणि फोनवरचा हिरवा दिवा लाल झाला, म्हणजे इकडचं तिकडे ऐकू जाणं बंद.

"आपला ड्रोन खाली उतरवा," नाडकर्णी आपल्या माणसांना म्हणाले. "पाडला गेला तर जाऊ दे. झाडाखालचं दिसलं पाहिजे."

पंधरा मिनिटं लागली. डॉ. लोटलीकरांचा चहा नेहमीप्रमाणे थंड झाला. सुभेदारांना एकच वाटत होतं, की तिथं म्हैस निघावी. खडक निघावा. आपण मूर्ख ठरलो तरी चालेल, पण त्या झाडाखाली आपल्यासारखं कुणी नसावं.

तीन वाजून छप्पन मिनिटांनी चित्र आलं. झाडाच्या फांद्या, मग खाली पत्रा. गाडीच होती. मागच्या बाजूला क्रेनचा दांडा, साखळ्या गुंडाळलेल्या. ना अँटेना, ना तारा, ना पहारा. पायरीवर एक माणूस बसला होता. बूट काढून शेजारी ठेवलेले. एक हात कानाशी. तो बोलत होता की पलीकडून कुणी उचलायची वाट बघत होता, हे इतक्या उंचीवरून कळत नव्हतं.

"थांबवा," नाडकर्णी म्हणाले. मग दुसऱ्यांदा, मोठ्यानं, "हल्ला रद्द. लिहून घ्या वेळ."

सुभेदारांनी दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले. माणूस वाचला होता. त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. तो पायाचा अंगठा चोळत बसला होता.

डॉ. लोटलीकर पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "पण म्हणजे कयास चुकलं नव्हतं!" त्या म्हणाल्या. भीती ओसरताच त्यांच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली होती. "गाडी होती. बरोबर जागी होती. फक्त आपण दिलेलं नाव चुकलं. सुभेदार, हे भन्नाट आहे. जगात कुठंही गेलात तरी असा एक जण असतोच. आपण नाव बदलू या. 'नियंत्रण वाहन' खोडून..." त्यांनी की-बोर्डावर बोटं ठेवली. "काय लिहू? 'एकटा माणूस'?"

नाडकर्णी पडद्यावरून शांतपणे म्हणाले, "उपयोगी आहे. एकटा माणूस पकडायला सोपा असतो."

ते सहज बोलले, कामाचं बोलले. सुभेदारांना मात्र त्याचा अर्थ कळला. आपलं अठ्ठावीस वर्षांचं लपवून ठेवलेलं दुखणं आता यंत्राच्या हाती लागलं होतं, आणि ते यंत्र ते घेऊन झाडाझाडाखाली हिंडणार होतं. इकडच्या झाडाखाली आणि तिकडच्याही. शिकलेलं काय एका बाजूला राहतं?

"मॅडम, नाव देऊ नका त्याला," ते म्हणाले.

"का? ते खरं आहे. खऱ्यासारखं लावा, हे तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत!"

"शिकवलं. पण आता उद्यापासून मी ती गाडी खाली आणणार. सगळ्या मिशनमध्ये. लंगरच्या शेजारी, इतरांच्या मध्ये लावणार. एकेक करून तेराशे. म्हणजे तुमच्या यंत्राचा नियमच मोडेल."

"ते खोटं होईल."

"होईल. पहिल्यांदा खोटं लावीन मी." त्यांना स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं. "पाहिजे तर कामावरून काढा. पण असा माणूस हुडकायचं मी कुणाला शिकवणार नाही. ज्याला कुणी हुडकत नाही म्हणून तो तिथं बसलाय, त्याला पहिल्यांदा हुडकणारं तुमचं क्षेपणास्त्र असावं होय?"

डॉ. लोटलीकरांनी बोटं उचलली. त्यांनी नाव लिहिलं नाही, पण लिहिणार नाही असंही म्हटलं नाही. नाडकर्णींनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं. ते काय होतं, ते सुभेदारांना कधीच कळलं नाही. "पुढचं पुढं ठरेल," एवढंच ते म्हणाले, आणि मग पडद्याबाहेर पाहून कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं.

तेव्हा कोपऱ्यातली एक मुलगी हलकेच म्हणाली, "मॅडम, त्या अजून लाईनवर आहेत."

फोनवरचा लाल दिवा तसाच जळत होता. सगळे विसरले होते. वीस मिनिटं ती बाई फोन धरून उभी होती.

डॉ. लोटलीकरांनी बटन दाबलं. दिवा हिरवा झाला.

"अहो," विमल म्हणाली, "हायसा का?"

"आहे," सुभेदार म्हणाले. त्यांनी फोन उचलून कानाला लावावा, दाराबाहेर जावं, जिन्यात उभं राहावं म्हणून हात पुढं केला. पण उचलायला त्या फोनला काही नव्हतंच. चपटा काळा डबा तो, टेबलात स्क्रूनं बसवलेला. त्यातून आवाज यायचा तो सगळ्यांसाठी.

"नंतर करतो मी," ते हळूच म्हणाले. "हितं सगळे आहेत."

"किती जन हायत?"

"सात जण. आणि साहेब."

रोपवाटिकेत पाणी कुठंतरी पत्र्यावर पडत होतं.

"आता काय ऱ्हायलंय लाजायचं?" विमल म्हणाली. "समदं तर मीच सांगून बसले. आयकू द्या त्यास्नी. बोला."

सुभेदारांनी टेबलाभोवती पाहिलं. पोरं त्यांच्याकडे बघत होती. कुणी उठून गेलं नाही. पडद्यावरच्या नाडकर्णींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. इतकी वर्षं दुपारी झाडाखाली बसून सुभेदार हवापाण्याचं बोलले होते, रजेचं बोलले होते, मुलाच्या शाळेचं बोलले होते. एक गोष्ट त्यांनी कधी विचारली नव्हती. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, आणि खरं सांगितलं असतं तर घरी जावं लागलं असतं.

"तू कशी आहेस, विमल?"

फोनमधून तिचा श्वास ऐकू आला, मग नाक ओढल्याचा आवाज.

"सांगते," ती म्हणाली. "लांबलचक हाय. घाई न्हाई ना तुमास्नी?"

"नाही," सुभेदार म्हणाले, आणि टेबलाच्या टोकाची आपली खुर्ची उचलून त्यांनी ती त्या सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवली.